आप्पांनी तोलून आणलेला पॉवर सप्लाय

आमचे आप्पा कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिचं वजन सांगतात. कलिंगड असो, देवळातली समई असो, नाहीतर शेजारच्यांचं नवं बाळ असो. बारशाला गेले, बाळ मांडीवर घेतलं आणि आईच्या तोंडावर सांगितलं, "तीन किलो दोनशे. जरा कमीच हाय." त्या बाईचं तोंड चार महिने फुगलेलं होतं. आणि चुकत नाहीत, हीच खरी पंचाईत आहे. अधूनमधून चुकणाऱ्या माणसाशी निदान वाद तरी घालता येतो.

पिंपळवंडीत रस्त्याला लागून आप्पांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची किंवा बोअरमधली मोटार जळाली की लोक ती ट्रॅक्टरमध्ये टाकून भिमाजी मिस्त्रीकडे, म्हणजे आप्पांकडे, घेऊन येतात. आप्पा आतली जळकी तार उपसून काढतात आणि नवी भरतात. त्यांची एक पद्धत ठरलेली आहे. जुनं तांबं गिऱ्हाइकासमोर काढायचं आणि त्याच्यासमोर काट्यावर ठेवायचं. मग नवी तारही त्याच्यासमोरच तोलून भरायची. तीस वर्षांत त्यात बदल नाही. बाजारात पाच एचपीची पाटी आणि आत तीनचं तांबं अशा मोटारी पैशाला पासरी मिळतात, म्हणून आप्पा पाटीकडे ढुंकूनही बघत नाहीत. "पाटी काय, कुनीबी ठोकतं," म्हणतात. "तांबं खोटं बोलत न्हाई." नवी मोटार घ्यायची झाली की आसपासच्या गावांतले लोक आप्पांना दुकानात बरोबर नेतात, आणि आप्पा फक्त मोटार उचलून बघतात. हलकी लागली तर खाली ठेवून चालू लागतात.

मी त्यांची एकुलती एक मुलगी, तेजस्विनी. अवसरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाले आणि पुण्यात एका ऑफिसात लागले. बिल्डर लोकांना इमारत बांधायच्या आधीच ती कशी दिसेल याची हलती चित्रं हवी असतात, ती आम्ही कॉम्प्युटरवर बनवतो. दोन वर्षं मी कॉट बेसिसवर राहिले. एका खोलीत चौघी, बाथरूमला नंबर, आणि डब्यात रोज तीच बटाट्याची भाजी. मला घरी राहून काम करायचं होतं. आईच्या हातचं खायला मिळावं आणि माझ्या खिडकीतून मला उसाचं शेत दिसावं, एवढंच. आप्पांनाही तेच हवं होतं, पण ते असं काही तोंडानं बोलत नाहीत. रविवारी मी निघाले की पिशवी उचलून "साडेआठ किलो" एवढंच म्हणायचे.

शेवटी ऑफिसच्या मॅडम तयार झाल्या. म्हणाल्या, "मशीन तुझं तू बघ. पहिलं काम आठवड्यात दे. वेळेवर आलं तर कायम घरून कर, नाही आलं तर परत ऑफिसला." म्हणजे माझं घरी राहणं त्या एका आठवड्यावर येऊन ठेपलं होतं.

मशीन माझं मी बघायला बसले आणि नाकी नऊ आले. तयार घेतलेलं मशीन माझ्या कामाला पुरत नव्हतं, म्हणून सुटे भाग घेऊन जोडायचं ठरवलं. कुणी सांगितलं होतं! आधी प्रोसेसर पसंत केला, तर तो ज्या खाचेत बसतो तसली खाच असलेला मदरबोर्ड मिळेना. मदरबोर्ड मिळाला, तर मी शहाणपणा करून आधीच घेऊन ठेवलेली रॅम त्यावर चालेना. ग्राफिक्स कार्ड ठरवलं, म्हणजे चित्रं रंगवायचं सगळं ओझं उचलणारा भाग, तर ते बत्तीस सेंटिमीटर लांब आणि कॅबिनेटमध्ये जागा एकोणतीस. छोटं कार्ड बघितलं तर त्यात दम नाही. मोठं कॅबिनेट बघितलं तर वरचा पंखा मदरबोर्डला आडवा येतो. एक बदललं की बाकीचे तीन रुसून बसायचे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा एवढे मानपान नसतात.

आणि या सगळ्यांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय. कार्ड खातं दोनशेवीस वॅट, प्रोसेसर जोरात चालला की एकशेऐंशी, बाकी किरकोळ साठ. झाले चारशेसाठ. मी साडेसहाशेचा धरला, चांगल्या प्रतीचा, त्याची परीक्षणं वाचून. फोनवर आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "आन सुरू व्हताना? मोटार सुरू व्हताना सहापट खेचती."

"ही मोटार नाही, आप्पा."

"करंट तो करंटच की."

खरं सांगायचं तर त्यात तथ्य होतं. कार्डही क्षणभर दीडपट खेचतं, आणि ते धरूनच मी साडेसहाशे ठरवला होता. पण हे आप्पांना समजावत बसायला मला वेळ नव्हता. मी म्हटलं, "मी बघितलंय सगळं. तुम्ही फक्त नारायणगावच्या दुकानातून उचलून आणा."

मला शुक्रवारपर्यंत ऑफिसातून सुट्टी नव्हती आणि पुढच्या सोमवारपासून घरून काम सुरू होणार होतं. म्हणून मी एका कागदावर स्वच्छ अक्षरात यादी लिहिली. कंपनी, मॉडेल, नंबर, सगळं इंग्रजीत, घोळ नको म्हणून. रविवारी तो कागद आईच्या हातात दिला आणि पुण्याला गेले.

शुक्रवारी संध्याकाळी घरी आले तर सगळी खोकी ओळीनं मांडून ठेवलेली. प्रोसेसर बरोबर. मदरबोर्ड बरोबर. कार्ड बरोबर. पॉवर सप्लायचं खोकं भलतंच. काळं, त्यावर आगीच्या ज्वाळा, आणि मोठ्या आकड्यात साडेआठशे.

"आप्पा, हा कुठला?"

आप्पा खूश होते. "हातात घे की. दोन किलो चारशे हाय. तू लिवल्याला त्यानं काढून ठेवला व्हता, दीड किलोच्या आसपास भरला. मी म्हनलं, ह्याच्यात काय तांबं आसंल? त्याला म्हनलं जड दाखव. मग त्यानं ह्यो काढला. वर आन साडेआठशे."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी खोकं फिरवून बाजूचं बारीक अक्षर वाचलं. कार्डाला आणि प्रोसेसरला बारा व्होल्टवर वीज लागते, आणि तिथं बारा व्होल्टला अठ्ठावीस अँपिअर छापलेलं होतं. बारा गुणिले अठ्ठावीस, तीनशेछत्तीस. वर साडेआठशे कशाचे होते कोण जाणे.

"यात लिहिलंय बघा, तीनशेछत्तीसच देतो हा."

"छापल्यालं काय घेऊन बसलीस, तेजे. पाटी ती पाटी."

मी दुकानदाराला फोन लावला. माझा साडेसहाशेचा दुसऱ्याच गिऱ्हाइकाला गेला होता. नवा माल आठ दिवसांनी. पुण्यातल्या दुकानांना विचारलं, तिथंही तसला शिल्लक नव्हता. ऑनलाइनवर बघितलं तर आमच्या गावापर्यंत यायलाही आठवडाच दाखवत होतं. आणि माझ्याकडे एकूण आठवडाच होता. मी खूप बोलले. तुम्हाला कुणी सांगितलं होतं डोकं चालवायला, दिलेलं आणायचं होतं फक्त, असं सगळं. आप्पा ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "लाव तू. काय झालं तर माझ्यावर."

आणि मी लावला. हे मला सांगायलाच हवं. आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते, तरी लावला, कारण विजेच्या बाबतीत आप्पा चुकल्याचं मी लहानपणापासून कधी बघितलं नव्हतं. मनात कुठंतरी वाटत होतं की छापणाराच चुकला असेल.

रविवारी मशीन जोडून झालं. आईनं कॅबिनेटला हळदीकुंकू वाहिलं. आप्पांनी नारळ फोडला तेव्हा मी मशीनच्या पुढे दोन्ही हात पसरून उभी राहिले, पाणी उडू नये म्हणून. बटण दाबलं, पंखे फिरले, पडद्यावर उजेड आला. आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि फक्त "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये सगळं भाषण आलं.

सोमवार ते बुधवार कामाचा हलका भाग होता. भिंती उभारायच्या, खिडक्या बसवायच्या, झाडं लावायची. काही अडलं नाही. मी आप्पांशी नीट बोलायलाही लागले होते. गुरुवारी सकाळी खरं काम सुरू केलं. त्यात कॉम्प्युटर ऊन-सावलीसकट एकेक चित्र रंगवत जातो, आणि कार्ड नि प्रोसेसर दोघंही जीव खाऊन पळतात. अकरा मिनिटं झाली आणि मशीन बंद पडलं. फट नाही, आवाज नाही, नुसतं बंद.

आप्पा दुकानातून मीटर घेऊन आले. सॉकेटमध्ये बघितलं तर एकशेनव्वद व्होल्ट. "तरीच," म्हणाले. "लाइनच कमी हाय." दुकानात त्यांनी स्वतः तार भरलेला एक स्टॅबिलायझर होता, चौदा किलोचा. तो आई आणि आप्पांनी दोन बाजूंनी धरून आणला. लावला. दोनशेतीस व्होल्ट झाले. अकरा मिनिटांनी मशीन बंद.

"अर्थिंग कमी पडत आसंल."

"आप्पा, पॉवर सप्लाय कमी पडतोय."

आप्पांनी घरामागचा अर्थिंगचा खड्डा उकरला, त्यात कोळसा टाकला, मीठ टाकलं, दोन घागरी पाणी ओतलं. मी खिडकीतून बघत होते आणि इकडे घड्याळ पळत होतं. परत चालू केलं. अकरा मिनिटं. मला हसावं की डोकं आपटावं ते कळेना. मी परत म्हटलं, सप्लाय. आप्पा म्हणाले, "आगं, दोन किलो चारशे हाय त्यो."

शुक्रवारी मी चित्रांचा दर्जा उतरवला, कार्डाचा वेग कमी केला, आणि कसंबसं ओढत काम पुढं रेटलं. दर थोड्या वेळानं थांबायचं, मशीन थंड होऊ द्यायचं, परत सुरू करायचं. शनिवारी दुपारपर्यंत निम्मं झालं होतं. जमेल असं वाटायला लागलं होतं. मी ताटावर बसले, दोन घास खाल्ले, आणि आतून फट्ट असा आवाज आला.

आवाज ऐकून आप्पा दुकानातून धावत आले. दारातच थांबले, एकदा वास घेतला आणि म्हणाले, "जळालं." जळालेल्या वस्तूच्या बाबतीत ते पहिल्यांदाच एवढं हळू बोलले.

रविवारी नारायणगावच्या दुकानदारानं सगळे भाग दुसऱ्या मशीनवर लावून बघितले. प्रोसेसर, मदरबोर्ड वाचले होते. सप्लाय जाताना कार्डाला घेऊन गेला होता. वॉरंटीतून यायला दीड महिना, म्हणाला. मॅडमना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तुझं काम चांगलं आहे गं, पण क्लायंटला मी कसं सांगू, मशीन जळालं म्हणून? उद्यापासून ऑफिसलाच ये. आणि हे घरून करायचं परत काढू नकोस."

मी बॅग भरत होते तेव्हा आप्पांनी मला दुकानात बोलावलं. टेबलावर तो काळा सप्लाय होता. माझ्यासमोरच खोलायचा होता, गिऱ्हाइकासमोर खोलतात तसा. आप्पांनी चार स्क्रू काढले, वरचं झाकण उचललं. आत तळहाताएवढा एक बोर्ड, चार फुगलेले कपॅसिटर, एक किरकोळ कॉइल. आणि तळाला गोंद लावून चिकटवलेली एक लोखंडी लादी. नुसती लादी, कशालाही न जोडलेली, वजन भरायला ठेवलेली.

आप्पांनी ती पक्कडीनं उपटली आणि काट्यावर ठेवली. एक किलो शंभर ग्रॅम. मग कॉइलची तार ब्लेडनं खरवडली. वरचा तांबडा रंग निघाला आणि आत पांढरं ॲल्युमिनियम दिसलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मोटारी उचलून खोटं पकडणाऱ्या माणसाला कुणीतरी वजनावरच फसवलं होतं.

"तोला अजून," मी म्हटलं. "अजून काय काय तोलायचं राहिलंय?"

आप्पांनी लादी काट्यावरून उचलून टेबलावर ठेवली. मी त्या संध्याकाळच्या एसटीनं पुण्याला आले. पिशवी माझी मीच उचलली. पुन्हा तीच कॉट, तोच नंबर, तीच भाजी. त्यानंतर आप्पा फोनवर येत नसत, आईच बोलायची. त्यांच्या तोंडून "माझं चुकलं" एवढं ऐकायला मी पाच आठवडे वाट बघितली, आणि मग तेही सोडून दिलं. इतका कसला ताठा, असं वाटायचं आणि परत राग यायचा.

सहाव्या आठवड्यात मी घरी निघाले. आळेफाट्याच्या एसटीत मंचरला एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन बसले. सावळेराम नाव, आळ्याचे, पायाशी मोटारीच्या केबलचं वेटोळं. बोलका माणूस. मोटारीवरून विषय निघाला तर म्हणाले, "मोटार भरायची तर पिंपळवंडीच्या भिमा मिस्त्रीकडं. लई सच्चा मानूस. टेबलावर एक लोखंडाची लादी ठिवलीय बगा त्यानं. काय म्हनून इचारलं, तर म्हनला, ही माझी चूक हाय."

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"त्याची पोरगी हाय म्हनं, लई शिकल्याली. तिनं कंप्युटरचं सामान कागदावर लिवून दिलं व्हतं. ह्यानं आपल्या मनानं जड बघून आनलं, आन तिचं समदं जळालं. घरी ऱ्हायची ती पोरगी, परत पुन्याला गेली. म्हनला, तिचं बरूबर व्हतं, माझंच चुकलं. येनाऱ्या-जानाऱ्या परत्येकाला सांगतो राव. आपलीच आब्रू कोन आसं काढून दाखवतं?"

पिंपळवंडी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. आता कशाचा राग धरावा ते कळेना. उतरल्यावर घरी न जाता तडक दुकानात गेले. आप्पा एका मोटारीत तार भरत होते. लादी खरंच टेबलावर होती.

"जेवलीस का?" आप्पांनी विचारलं.

"आळ्याच्या माणसाला सांगता, माझं चुकलं म्हणून. सगळ्या तालुक्याला सांगता. मला सांगायला काय झालं होतं?"

आप्पांनी हातातली तार खाली ठेवली. "गिऱ्हाइकाला सांगाया लाज वाटत न्हाई," म्हणाले. "तुला सांगाया वाटती."

मग त्यांनी खिशातून एक कागद काढला. चार घड्या पडलेला, वार्निशचे डाग पडलेला. माझी यादी.

"ह्याच्यातलं मला एक अक्षर आलं न्हाई, तेजे. दुकानदारानं खोकं पुढं केलं, म्हनला, मिस्त्री, ह्योच ना? मी कशावर हां म्हनू? मोटारीच्या पाटीवरचा आकडा तेवढा कळतो मला, बाकीचं इंग्रजी कुटं येतं. आकडे तर तुज्या कागदावर इतके व्हते, कुटला कशाचा काय कळंना. मग आपल्याला जे येतं ते केलं. हातात घेऊन बघितला."

आप्पा चौथीपर्यंत शिकलेत हे मला माहीत होतं. दहावीचा माझा निकालही त्यांनी माझ्याकडून वाचून घेतला होता. पाटीला ते कधीच विचारत नाहीत, हा मात्र मी त्यांचा तीस वर्षांचा हट्ट समजत आले होते. आणि इंग्रजीत यादी लिहून, ती आईच्या हातात देऊन, "फक्त उचलून आणा" असं सांगून पुण्याला जाणारी मी होते. मला माझीच चीड आली. मी स्टुलावर बसले.

आप्पा म्हणाले, "ते कार्ड आलंय परत. कालच आलं. घरी ठिवलंय."

"मॅडमनी परत विचारू नको म्हणून सांगितलंय."

"त्या न्हाई म्हनल्या तर न्हाई. दुसऱ्या कुनाचं काम आसंल की जगात. मशीन तरी नीट करून ठिवू."

मी त्यांच्याकडून पेन मागून घेतलं आणि त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मराठीत लिहिलं, मोठ्या अक्षरात. कंपनीचं नाव. साडेसहाशे वॅट. बारा व्होल्टला चोपन्न अँपिअर. आप्पांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला आणि बोट ठेवत एकेक शब्द मोठ्यानं वाचला. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर त्यांनी कागद पालथा करून बघितला आणि पुन्हा सुलटा केला.

"वजन न्हाई लिवलं," म्हणाले.

मी कागद परत घेतला, फोनवर कंपनीच्या पानावर शोधलं, आणि खाली लिहिलं, एक किलो सहाशे ग्रॅम.